न विचारता घेतलेले माप

चि. सौ. भाचीस मावशीचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्रास कारण की, पुढील महिन्यातील शस्त्रक्रियेतच सिलिकॉनचे रोपण बसवून "एकदाच काय ते उरकून टाका" असे भाचीने डॉक्टरांना सांगितल्याचे ताईकडून कळले, आणि त्याला जोडून असेही कळले की, मार्गशीर्षात धाकट्या दिराचे लग्न असल्यामुळे चारचौघांत काही दिसून येऊ नये, असे सासरी कोणी बोलले. बोलणारे कोण हे ताईने सांगितले नाही व मावशीने विचारले नाही, कारण प्रश्न बोलणाऱ्याचा नसून ऐकणारीचा आहे. आजार भाचीचा, जखम भाचीची आणि मुहूर्त मात्र दुसऱ्याच्या लग्नाचा, हा कुठला हिशेब? भीती वाटली की मावशीची भाषा पाठ्यपुस्तकाची होते, हे घरात सर्वांना ठाऊक आहे. तेव्हा पुढील मजकूर एखाद्या धड्यासारखा वाचावा.

स्तनोच्छेदन, म्हणजे संपूर्ण स्तन काढून टाकण्याची शस्त्रक्रिया, हा रोगावरील उपचार आहे; पुनर्रचना, म्हणजे त्या जागी पुन्हा उंचवटा घडवणे, हा रोगावरील उपचार नव्हे. पुनर्रचना केली म्हणून रोग उलटत नाही आणि न केली म्हणून बरे होणे अडत नाही, त्यामुळे उपचाराच्या घाईत या निर्णयाची घाई मिसळण्याचे कारण उरत नाही. ती स्तनोच्छेदनाबरोबर करता येते, तशीच काही महिन्यांनी किंवा काही वर्षांनीही करता येते. लग्नाची तिथी टळत नाही. पुनर्रचनेची टळू शकते.

पहिला मार्ग रोपणाचा. 1962 साली अमेरिकेतील ह्यूस्टन येथे टॉमस क्रोनिन व फ्रँक गेरो या शल्यविशारदांनी सिलिकॉनचे पहिले स्तनरोपण बसवले, आणि तेव्हापासून त्याच्या रचनेत पुष्कळ सुधारणा झाल्या. यात शरीराच्या दुसऱ्या भागावर जखम होत नाही, शस्त्रक्रिया तुलनेने लहान असते व घरी लवकर परतता येते, हे त्याचे खरे गुण आहेत. मात्र "एकदाच" हा शब्द त्याला लागू पडत नाही. पुष्कळदा आधी त्वचेखाली विस्तारक, म्हणजे रिकामी पिशवी, ठेवून तीत दर एक-दोन आठवड्यांनी मिठाचे निर्जंतुक पाणी भरत कातडी ताणावी लागते व नंतर दुसऱ्या शस्त्रक्रियेत कायमचे रोपण बसवतात. आणि ते "कायमचे" रोपणही जन्मभराचे नसून पुढे बदलावे किंवा काढावे लागू शकते. शरीर त्याच्याभोवती स्वतःच्या तंतूंचे संपुट, म्हणजे वेष्टन, तयार करते. ते कधी आवळते, तेव्हा स्तन कडक होतो व दुखतो. किरणोपचार झालेल्या छातीत हा धोका वाढतो, आणि ताईच्या सांगण्यावरून भाचीला किरणोपचार लागण्याचा संभव डॉक्टरांनी बोलून दाखवला आहे. मग रोपणाआधी विचारावयाचा पहिला प्रश्न लग्नाचा की किरणांचा?

सिलिकॉनने पुन्हा स्तनाचा कर्करोग होतो, ही शेजारची बातमी मात्र खरी मानू नये. खरबरीत पृष्ठभागाच्या काही रोपणांभोवती लसिकापेशींचा एक विरळ कर्करोग आढळला व 2019 साली तशी काही रोपणे बाजारातून परत बोलावण्यात आली, एवढे त्यात तथ्य आहे. म्हणून रोपणाचा पृष्ठभाग गुळगुळीत की खरबरीत, हे विचारून लिहून घ्यावे.

दुसरा मार्ग स्वतःच्याच ऊतींचा. त्वचा, चरबी व कधी स्नायू यांचा रक्तपुरवठ्यासह हलवलेला तुकडा म्हणजे फ्लॅप. या विद्येशी पुण्याचे नाते जुने आहे: टिपूच्या कैदेत नाक कापले गेलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाच्या कपाळावरची कातडी, देठ जागच्या जागी ठेवून, खाली वळवून त्याला पुण्यात नवे नाक करून देण्यात आले, आणि 1794 साली लंडनच्या 'जेंटलमन्स मॅगझिन'मध्ये ती हकिकत छापून आल्यावर युरोपातील शल्यविशारदांचे तिकडे लक्ष गेले. पाठीचा रुंद स्नायू आजही असाच देठासकट पुढे आणतात. पोटाच्या 'डायेप' फ्लॅपमध्ये मात्र बेंबीखालची त्वचा व चरबी पोटाचा स्नायू राखून पूर्ण सोडवतात आणि तिच्या बारीक रक्तवाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली छातीतील रक्तवाहिन्यांना जोडतात. असा स्तन ऊबदार व मऊ राहतो, वजनाबरोबर कमीजास्त होतो आणि किरणोपचार झालेल्या छातीसाठी पुष्कळदा अधिक भरवशाचा ठरतो. पण शस्त्रक्रिया अनेक तासांची असते, सुरुवातीला तुकड्याचा रंग व ऊब तासातासाला तपासावी लागते, क्वचित तो जगत नाही, आणि पोटाचा असा उपयोग एकदाच करता येतो. शिवाय भाचीच्या पोटावर दोन बाळंतपणांनंतरही चिमूटभर चरबी नाही, आणि आजीकडून, म्हणजे माईंकडून, आलेली साखर जखम भरू देण्यात आडवी येते. तेव्हा साखरेचा ताजा अहवाल पाहिल्याशिवाय कोणत्याच मार्गाला होकार देऊ नये.

तिसरा मार्ग कोणी सांगत नाही म्हणून येथे सांगितला पाहिजे: काहीच न घडवता छाती नीट सपाट शिवून घेणे, हवे तेव्हा अंतर्वस्त्रात बाहेरून कृत्रिम स्तन ठेवणे आणि नको तेव्हा काढून ठेवणे. पहिल्या दोन मार्गांनी आकार परत येतो, पण पूर्वीची संवेदना बहुधा परत येत नाही. म्हणजे जे मिळते ते बरेचसे डोळ्यांसाठी असते. म्हणूनच मावशी पुन्हा पुन्हा त्याच प्रश्नाशी येऊन थांबते: डोळे कोणाचे?

हा प्रश्न मावशीने एकदा विचारला नव्हता. 1983 साली माईंचीही अशीच शस्त्रक्रिया झाली, त्यानंतर तीनच महिन्यांनी मावशीला बघायला सांगलीची मंडळी यावयाची होती. मावशीने दोरीवर वाळत घातलेल्या चोळीवरून गुपचूप माप घेतले, माईंच्याच पिवळ्या लुगड्याचा मऊ झालेला पदर फाडला, त्यात कापूस व वजनासाठी दोन मुठी राळे भरले आणि ती गोल उशी सकाळी माईंच्या हातात ठेवली. माई काही बोलल्या नाहीत. पाहुण्यांसमोर उशी वर सरकू लागली तेव्हा एका हाताने पदर दाबून धरत, सुजलेल्या दुसऱ्या हाताने त्यांनी पोह्यांच्या बश्या दिल्या. स्थळ जमले नाही, ते निराळे. पण तो दाबून धरलेला पदर मावशीला अजून दिसतो. माईंनी ती उशी पुन्हा कधी लावली नाही. शिवणाच्या डब्यात ठेवून तीत सुया टोचल्या. भाची लहानपणी दुपारभर जिच्यातल्या टाचण्या मोजत बसे, ती पिवळी उशी हीच.

एवढे कठोर लिहून झाल्यावर हेही लिहिले पाहिजे की, दिराच्या लग्नात शालू नेसून पूर्वीसारखे मिरवावेसे वाटणे यात चुकीचे काही नाही. ती इच्छा भाचीची स्वतःची असेल, तर रोपण घ्यावे, आणि मावशी वरातीत तिच्या शेजारी चालेल. पोटाचा मार्ग पटला तर रुग्णालयातील रात्री मावशी जागवील. काहीच नको वाटले तर तसेच लग्नाला जावे. कोणी टक लावून पाहिलेच तर मावशीकडे अजून वर्गात वापरायची नजर शिल्लक आहे. काहीच ठरत नसेल, तर डॉक्टरांना फक्त "आत्ता नको" एवढे सांगावे. तेही पूर्ण उत्तर आहे.

दरम्यान दोन सुती अंगरखे शिवण्याचे मनात आहे: पुढून उघडणारे, कारण काही आठवडे हात डोक्यावरून नेणे जड जाईल, आणि आतून खिशाचे, कारण जखमेतील पाणी ओढून घेणाऱ्या नळीचा फुगा ठेवायला जागा लागेल. कापड आणले आहे, पण त्याला अजून कात्री लावलेली नाही. छातीशी माप किती धरावे, बाही किती सैल हवी आणि कडेला पट्टी कोणत्या रंगाची आवडेल, हे भाचीने सवडीने कळवावे. तोवर कापड घडीतच राहील.

अनेक आशीर्वाद.

मावशी