घरी शिकवताना : रोजच्या उपयोगाच्या काही गोष्टी



"आम्ही मुलाला घरीच शिकवतो" असं कुणी म्हटलं की ऐकणारा लगेच दोन प्रश्न विचारतो. परीक्षेचं काय? आणि मित्रांचं काय? प्रश्न रास्त आहेत. पण घरी शिकवणाऱ्या आईबाबांच्या मनातले रोजचे प्रश्न मात्र वेगळेच असतात. गणिताची वही काढली की रडारड का होते? मोठ्याला शिकवायला बसलं की धाकटी लुडबुड करते, तिचं काय करू? सासूबाई रोज संध्याकाळी विचारतात, "आज काय शिकला गं?" आणि मला नेमकं सांगताच येत नाही! आज आपण या साध्या प्रश्नांवरच बोलू या. तुमचं मूल शाळेत जात असेल तरी यातलं बरंच काही सुट्टीत आणि अभ्यासाच्या वेळी उपयोगी पडेल.

थोडी पार्श्वभूमी

घरी शिकवणं हे आजचं फॅड नाही. इंग्लंडमध्ये शार्लट मेसन यांनी पालकांसाठी 'होम एज्युकेशन' हे पुस्तक १८८६ साली लिहिलं. अमेरिकेत जॉन होल्ट हे स्वतः शिक्षक होते. मुलं वर्गात उत्तरं शोधण्यापेक्षा चूक कशी टाळावी यातच शक्ती घालवतात, हे त्यांनी जवळून पाहिलं आणि १९६४ साली 'हाऊ चिल्ड्रन फेल' मध्ये मांडलं. पुढे १९७७ मध्ये त्यांनी 'ग्रोइंग विदाऊट स्कूलिंग' हे नियतकालिक सुरू केलं. त्यात पालकांची पत्रं भरपूर असायची. एका घरात जमलेली युक्ती दुसऱ्या घराला सांगायची, एवढा साधा व्यवहार!

आपल्याकडेही शिक्षण चार भिंतींत अडकलेलं नव्हतं. कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गुरं राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी कुरणशाळा चालवल्या. मुलं शाळेत येत नाहीत ना, मग शाळाच कुरणात जाईल! मूल जिथे आहे तिथून सुरुवात करायची, हा धडा घरी शिकवणाऱ्यांनी आधी गिरवावा.

कायदा आणि परीक्षा : एवढं माहीत असू द्या

शिक्षण हक्क कायदा २००९ चा. तो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि ६ ते १४ वयाच्या मुलांसाठी आहे. मुलाला शाळेत दाखल करणं हे पालकांचं कर्तव्य आहे, असं त्याच्या कलम १० मध्ये म्हटलं आहे. मात्र ते न करणाऱ्या पालकांसाठी या कायद्यात शिक्षा सांगितलेली नाही. घरच्या शिक्षणाला त्यात वेगळी स्पष्ट मान्यताही नाही. म्हणून डोळे उघडे ठेवून निर्णय घ्या.

दुसरं महत्त्वाचं कलम ४. सहा वर्षांवरचं मूल शाळेत नसेल तर त्याला वयानुसार योग्य त्या वर्गात प्रवेश द्यायचा, असं ते सांगतं. म्हणजे परतीची वाट खुली आहे. हे माहीत असलं की मनावरचं निम्मं ओझं उतरतं.

परीक्षेसाठी बरेच पालक राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा, म्हणजे एनआयओएसचा मार्ग घेतात. तिथे दहावीच्या परीक्षेसाठी किमान वय १४ वर्षं आहे. सार्वजनिक परीक्षा वर्षातून दोनदा होतात. सगळे विषय एका दमात द्यायची सक्ती नसते. आपल्या राज्यातही मुक्त विद्यालय मंडळ आहे. नियम बदलत असतात, म्हणून मूल बारा-तेरा वर्षांचं झालं की त्या वर्षीची माहितीपुस्तिका स्वतः वाचा. ऐकीव माहितीवर विसंबू नका. मुलाला पुढे कोणत्या शाखेला जायचं आहे, तिथल्या प्रवेशाच्या अटी काय, हेही तेव्हाच पाहून ठेवा.

पहिले काही आठवडे : घाई नको

शाळेतून काढलेल्या मुलाला दुसऱ्याच दिवशी टेबलाशी बसवू नका. घरी शिकवणाऱ्यांमध्ये एक ठोकताळा सांगतात : मूल जितकी वर्षं शाळेत होतं, साधारण तितके महिने त्याला मोकळं सोडा. हा काही नियम नव्हे, पण त्यातलं मर्म खरं आहे. घंटेवर चालायची सवय सुटायला वेळ लागतो. या दिवसांत मूल "काहीच करत नाही" असं वाटेल. तेव्हा तुम्ही फक्त बघा. ते कशात रमतं? कुठे कंटाळतं? कोणत्या वेळी त्याचं डोकं ताजं असतं? जमलं तर चार ओळी लिहून ठेवा. पुढची आखणी त्यातूनच निघेल.

वेळापत्रक नको, दिनक्रम हवा

"१० ते १०.४० गणित, १०.४० ते ११.२० मराठी" असं वेळापत्रक भिंतीवर लावलं की चौथ्या दिवशी ते मोडतं. मग आई रागावते, मूल रडतं. त्याऐवजी क्रम ठरवा. न्याहारीनंतर गणित. आंघोळीनंतर वाचन. जेवणानंतर हातकाम. घड्याळ थोडं मागेपुढे झालं तरी क्रम टिकतो.

आणि पाठ छोटे ठेवा. लहान मुलांचा पाठ पंधरा-वीस मिनिटांहून लांबवू नये, असं शार्लट मेसन सांगत. वर्गात चाळीस मुलांची हजेरी, वह्या, शांतता यात तासाचा बराच भाग जातो, हे आपण शिक्षक जाणतोच. घरी समोर एकच मूल असतं. सात-आठ वर्षांच्या मुलाचं रोज दीड-दोन तासांचं नीट काम झालं तर पुरेसं आहे. बाकीचा वेळ खेळ, घरकाम, भटकणं आणि चक्क कंटाळा यांना द्या. कंटाळलेलं मूलच पुठ्ठे कापायला घेतं!

एक पाठ, तीन वयं : विजेचं बिल

घरात दोन-तीन वयांची मुलं असली की प्रत्येकाला वेगळं शिकवता शिकवता पालक मेटाकुटीला येतात. उपाय असा की वस्तू एकच घ्यायची आणि प्रश्न वयाप्रमाणे विचारायचे. नमुन्यासाठी या महिन्याचं विजेचं बिल घ्या.

*सहा-सात वर्षं :* बिलावरचे अंक वाचायला सांगा. मीटरजवळ नेऊन आकडे दाखवा. घरात विजेवर चालणाऱ्या वस्तू मोजायच्या आणि त्यांची चित्रं काढायची.

*नऊ-दहा वर्षं :* मागील रीडिंग ४५८२, चालू रीडिंग ४७१२. वजाबाकी करा. १३० युनिट. आता रोज सकाळी त्याच वेळी मीटर वाचून आठवडाभर तक्ता भरायचा. इस्त्री केली त्या दिवशी आकडा का वाढला?

*बारा-तेरा वर्षं :* एक युनिट म्हणजे १००० वॅटचं उपकरण एक तास चालणं. मग ९ वॅटचा एलईडी दिवा एका युनिटमध्ये किती तास जळेल? सुमारे १११ तास. जुना ६० वॅटचा बल्ब? १६ तास ४० मिनिटं. रोज पाच तास दिवा लावला तर एका युनिटवर एलईडी २२ दिवस चालतो, बल्ब जेमतेम तीन दिवस. २००० वॅटचा गिझर अर्ध्या तासात एक युनिट खातो. आता आंघोळीला किती वेळ गिझर चालू ठेवायचा, यावर घरात चर्चा होऊ द्या!

याच मुलाला टप्प्यांचे दरही समजावा. समजा पहिल्या १०० युनिटना ५ रुपये आणि त्यापुढच्या युनिटना १० रुपये असा दर आहे. १३० युनिटचे किती होतील? बऱ्याच मोठ्या माणसांना वाटतं की शंभरी ओलांडली की सगळेच युनिट महाग होतात, म्हणजे १३०० रुपये. तसं नसतं. पहिल्या १०० चे ५०० आणि वरच्या ३० चे ३००, एकूण ८०० रुपये. खरे दर बिलावर छापलेले असतात, ते घेऊन पुन्हा गणित करा. स्थिर आकार आणि इतर रकमा वेगळ्या का धरल्या, हेही मूल विचारेल. विचारू द्या.

असाच पाठ वाणसामानाच्या यादीवर, एसटीच्या वेळापत्रकावर, खिचडीतल्या डाळ-तांदळाच्या प्रमाणावर होतो. चार माणसांची खिचडी सहाजणांना करायची तर वाटीचं माप काय घ्यायचं? गुणोत्तर शिकवायला यापेक्षा चवदार साधन कुठलं!

वाचन आणि "सांग बघू"

पुस्तकांसाठी फार खर्च करू नका. बालभारतीची पाठ्यपुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावर मोफत मिळतात. 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतंय आणि त्याचे जुने अंकही तिथे वाचायला मिळतात. विज्ञानाची खेळणी करायची असतील तर अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळावर टाकाऊतून टिकाऊ खेळण्यांचा खजिना आहे, मराठी पुस्तकंही आहेत.

वाचून झाल्यावर दहा प्रश्न विचारायचा मोह होतो. तो आवरा. फक्त "सांग बघू काय झालं ते" एवढंच म्हणा. मूल आपल्या शब्दांत सांगतं तेव्हा त्याला काय कळलं, काय निसटलं, ते आपोआप दिसतं. मध्येच दुरुस्त करू नका. आधी ऐका. आजीला किंवा धाकट्या भावंडाला सांगायला लावलं तर आणखी उत्तम. सासूबाईंच्या "आज काय शिकला?" या प्रश्नाचं उत्तरही मुलाकडूनच मिळतं. रोज हे ऐकणाऱ्या आजीची काळजी हळूहळू कमी होते, हे माझ्या पाहण्यात आहे.

मित्र आपोआप मिळत नाहीत

शाळेत सोबती आयते मिळतात. घरी शिकणाऱ्या मुलासाठी ते मुद्दाम जोडावे लागतात. संध्याकाळचं मैदान ठरलेलंच हवं. वाचनालय, पोहणं, तबला, क्रीडामंडळ यांपैकी निदान एक ठिकाण असं हवं की तिथे तीच तीच मुलं आठवड्याला भेटतात. ओळख आणि मैत्री यात फरक आहे. मैत्रीला भांडण लागतं, कट्टी लागते, मग बट्टी लागते. कधीमधी होणाऱ्या सहलीत हे घडत नाही.

आई दमते तेव्हा

यावर फार कमी बोललं जातं. बहुतेक घरांत शिकवायचं काम आईवरच येतं, स्वयंपाक आणि बाकीचं काम असतंच. मग एके दिवशी ती कुठल्या तरी क्षुल्लक चुकीवर मुलावर ओरडते आणि रात्रभर स्वतःला बोल लावते. बाई गं, तो दिवस पुस्तक मिटून ठेवायचा होता! भागाकार उद्या शिकवता येईल. आईच्या कुशीत शिरायला मूल बिचकू लागलं, तर ते भरून काढायला फार काळ लागेल. तुम्ही आधी आई आहात, मग शिक्षिका.

बाबांनीही एक विषय पूर्णपणे आपल्याकडे घ्यावा. "मदत करतो" असं नको, तर जबाबदारी घ्यावी. आठवड्यातली एक दुपार आईची स्वतःची असावी.

नोंदवही ठेवा

रोज तारीख घालून तीन ओळी : काय केलं, मुलाने काय विचारलं, कुठे अडलं. महिन्याला एक लिखाण आणि एक चित्र फायलीत लावा. "मागे पडतोय का?" ही भीती रात्री मोठी होते. तेव्हा शेजारच्या मुलाशी तुलना न करता तीन महिन्यांपूर्वीचं पान उघडा. वाढ दिसेल. दिसली नाही, तर कुठे थांबलोय ते तरी कळेल. शाळेत परत जायची वेळ आली तर हीच वही शिक्षकांना दाखवता येते.

थांबायचं कधी?

हेही मोकळेपणाने बोलू. मूल स्वतःहून शाळा मागू लागलं, महिनोन्‌महिने एकटं पडलं, घरात शिकण्यावरून रोज भांडणं होऊ लागली किंवा तुमची तब्येत, नोकरी, पैसा यांची ओढाताण सुरू झाली, तर शाळेचा विचार जरूर करा. आपलं म्हणणं खरं ठरावं म्हणून मुलाला अडकवून ठेवू नका.

आणि शिक्षक मित्रांनो, असं मूल तुमच्या वर्गात आलं तर पहिल्याच दिवशी चाचणी घेऊ नका. त्याला रांगेची, घंटेची, हात वर करून बोलायची सवय नसेल. पण ते प्रश्न विचारेल, भरपूर विचारेल. त्याची नोंदवही मागून घ्या, एक चांगला सोबती शेजारी बसवा आणि महिनाभर वाट बघा.

या आठवड्याची कृती : विजेचं बिल काढा, मुलांना मीटरपाशी न्या आणि सात दिवसांचा तक्ता भरा. शाळेत जाणाऱ्या मुलांनीही करून पाहावा. तक्त्यात काय दिसलं, ते आम्हाला नक्की कळवा.