संगणकाची साठवण : फिरती चकती की स्थिर स्मृती ?

दहावी-बारावीचे निकाल लागले की आमच्या माळशिरस-अकलूज भागातील अनेक घरांत नवा संगणक घेण्याचा विषय निघतो. तो अभ्यासाला हवा असतो, दुकानाचे किंवा शेतीचे हिशेब ठेवायला हवा असतो. आणि मुलांच्या मनात खेळ असतात, हेही उघडच आहे. प्रोसेसर कोणता, पडदा केवढा यावर पुष्कळ चर्चा होते. माहिती साठवणारे उपकरण मात्र दुकानदार देईल ते घेतले जाते. वास्तविक संगणक चपळ वाटतो की सुस्त, हे बऱ्याच अंशी या उपकरणावर ठरते. शिवाय संगणक बिघडला तर दुसरा आणता येतो. पाच वर्षांचे हिशेब आणि घरची छायाचित्रे गेली तर ती कोणत्याही दुकानात मिळत नाहीत. म्हणून ही निवड करण्यापूर्वी या उपकरणांमागचे पदार्थविज्ञान समजून घेऊ.

फळा आणि वही

संगणकाला दोन प्रकारची स्मृती लागते. चालू कामापुरती स्मृती म्हणजे रॅम. ती वर्गातील फळ्यासारखी आहे : भराभर लिहिता येते, पण वीज गेली की फळा पुसला गेला. कायमची साठवण ही वहीसारखी. आपला विषय या वहीचा आहे.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये सुरू झालेल्या ‘टिफ्रॅक’ या संगणकाची चालू स्मृती फेराइटच्या इवल्या चुंबकीय कड्यांची बनलेली होती. तिच्यात प्रत्येकी ४० बिटांचे २०४८ शब्द मावत. ८ बिटांचा एक बाइट धरला, तर २०४८ × ४० ÷ ८ = १०,२४० बाइट होतात. आज दुकानात सहज मिळणाऱ्या १ टेराबाइटच्या, म्हणजे १०¹² बाइटांच्या साठवणीत अशा सुमारे पावणेदहा कोटी स्मृती मावतील !

फिरती चकती

हार्ड डिस्कमध्ये गुळगुळीत चकत्यांवर चुंबकीय पदार्थाचा अतिशय पातळ थर असतो. त्यातील सूक्ष्म भाग एका दिशेने चुंबकित केला तर ‘०’ आणि उलट दिशेने केला तर ‘१’, अशी कल्पना सोयीसाठी करू. हे वाचणारे शीर्ष चकतीला न टेकता केवळ काही नॅनोमीटर अंतरावर तरंगते. चुंबकीय क्षेत्र बदलले की विशिष्ट थरांचा विद्युतरोध लक्षणीय बदलतो, हा परिणाम आल्बेर फेर आणि पीटर ग्रुनबर्ग यांनी १९८८ मध्ये स्वतंत्रपणे शोधला; त्यासाठी दोघांना २००७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आजची शीर्षे याच तत्त्वाच्या पुढच्या प्रकारावर चालतात.

टेबलावरील संगणकातील हार्ड डिस्क बहुधा मिनिटाला ७२०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला १२०. चकतीची त्रिज्या सुमारे ४.७५ सें.मी. धरल्यास कडेचा वेग २ × ३.१४ × ०.०४७५ × १२० = सुमारे ३६ मीटर प्रतिसेकंद, म्हणजे ताशी जवळजवळ १३० किलोमीटर येतो. एवढ्या वेगात काही नॅनोमीटरवर तरंगणाऱ्या शीर्षाला धक्का बसला तर काय होईल, ते सांगायला नको. चालू संगणक हलवू नये, तो याचसाठी.

आता वेळ काढू. एका फेऱ्यास १/१२० सेकंद, म्हणजे ८.३ मिलिसेकंद लागतात. हवी ती जागा शीर्षाखाली येण्यास सरासरी अर्धा फेरा, म्हणजे ४.२ मिलिसेकंद. शीर्ष योग्य वर्तुळावर नेण्यास आणखी सुमारे ९ मिलिसेकंद. एकूण साधारण १३ मिलिसेकंद. संगणक सुरू होताना किंवा मोठा खेळ उघडताना विखुरलेले २०,००० तुकडे वाचावे लागले, तर २०,००० × ०.०१३ = २६० सेकंद, म्हणजे चार मिनिटांहून अधिक वेळ जाईल.

उलट, माहिती सलग असेल तर हीच चकती सेकंदाला १५० मेगाबाइट सहज देते. आषाढी वारीत माळशिरसच्या रस्त्याला उभे राहून क्रमाने येणाऱ्या दिंड्या पाहायच्या असतील तर जागचे हलावे लागत नाही. पण प्रत्येक दिंडीतला एकेकच ओळखीचा वारकरी गाठायचा असेल तर दिवसभर धावाधाव होते. चकतीचे तसेच आहे. अडचण चुंबकत्वाची नाही, धावाधावीची आहे.

इलेक्ट्रॉनांची कोठडी

एसएसडी या दुसऱ्या प्रकारात हलणारा भागच नाही. तिच्यातील फ्लॅश स्मृती तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांनी १९८४ मध्ये मांडली. प्रत्येक पेशीत विद्युतरोधकाने वेढलेली एक कोठडी असते. जोराचे विद्युत क्षेत्र लावले की इलेक्ट्रॉन रोधकाची भिंत ओलांडून आत जातात. भिंतीवरून उडी मारण्याइतकी ऊर्जा नसतानाही ते पलीकडे पोहोचतात. पुंजयामिकीत याला बोगदा परिणाम म्हणतात. क्षेत्र काढून घेतले की ते आतच अडकतात, आणि वीज नसतानाही माहिती टिकते.

येथे कोणताही तुकडा साधारण ०.१ मिलिसेकंदात मिळतो. वरचे २०,००० तुकडे एकामागून एक वाचले तरी २ सेकंद पुरतात. कोठे २६० आणि कोठे २ !

एसएसडीतही दोन जाती आहेत. साटा जोडणीतून सेकंदाला सुमारे ५५० मेगाबाइट मिळतात, तर एनव्हीएमई पद्धतीत ३५०० किंवा त्याहूनही अधिक. ६० गिगाबाइटचा खेळ सलग वाचण्यास हार्ड डिस्कला ४०० सेकंद, साटा एसएसडीला १०९ आणि एनव्हीएमईला १७ सेकंद लागतील. हे आदर्श आकडे झाले. प्रत्यक्ष खेळ उघडताना प्रोसेसरचेही काम असते, त्यामुळे दोन्ही एसएसडींतील फरक एवढा जाणवत नाही. चकतीकडून एसएसडीकडे येण्याचा लाभ मोठा, त्यापुढचा लहान.

झीज आणि गळती

इलेक्ट्रॉन वारंवार आत-बाहेर केल्याने भिंत झिजते. म्हणून उत्पादक एकूण किती टेराबाइट लिहिता येतील ते सांगतात. हा आकडा ६०० असेल आणि आपण रोज ४० गिगाबाइट लिहिले, तर ६,००,००० ÷ ४० = १५,००० दिवस, म्हणजे ४१ वर्षे ! घरगुती वापरात या झिजेची चिंता नको.

गळतीचे मात्र भान हवे. एका पेशीत तीन बिट साठवायचे तर विद्युतभाराच्या ८ पातळ्या ओळखाव्या लागतात, चार बिटांसाठी १६. पातळ्या जितक्या दाट, तितकी थोडी गळतीही घातक. उष्णतेने गळती वाढते. जेडेक संस्थेच्या मानकानुसार घरगुती एसएसडीने आपली लेखनमर्यादा संपल्यावर, वीज नसताना, ३० अंश सेल्सिअसला एक वर्ष माहिती टिकवली पाहिजे. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४० च्या पुढे जातो. नव्या एसएसडीत माहिती बरीच अधिक टिकते. तरी जुनी एसएसडी छायाचित्रे भरून कपाटात वर्षानुवर्षे ठेवून देणे शहाणपणाचे नाही. चुंबकीय चकतीत विद्युतभारच नसल्याने ही गळती नाही. मात्र तिचेही यंत्र बिघडू शकते.

मग घ्यावे काय ?

१. संगणकप्रणाली, रोजचे काम आणि चालू खेळ यांसाठी एसएसडी घ्यावी. जमल्यास १ टेराबाइटची, नाहीतर निम्मी. हा खर्च टाळू नये.

२. मदरबोर्डवरील एम.२ खाच पाहावी. ही केवळ आकाराची खूण आहे. तिच्यात साटा चालते की एनव्हीएमई, हे माहितीपुस्तिकेत तपासावे.

३. चित्रफिती, छायाचित्रे आणि जुने खेळ यांसाठी हार्ड डिस्क पुरते. तेवढ्याच पैशांत जागा अधिक मिळते. काही डिस्कमध्ये लेखनाची वर्तुळे कौलांसारखी एकमेकांवर चढवलेली असतात. खालचे कौल बदलायचे तर वरची उचलावी लागतात, म्हणून अशी डिस्क वारंवार लिहिताना मंदावते. साठवून ठेवण्यास ती चालते, रोजच्या कामास नाही.

४. वीज अचानक गेल्यास अर्धवट लिहिलेली माहिती बिघडू शकते. भारनियमनाच्या भागात यूपीएस हा चैनीचा खर्च नव्हे.

५. महत्त्वाच्या माहितीच्या तीन प्रती असाव्यात : एक संगणकात, दुसरी वेगळ्या डिस्कवर, तिसरी घराबाहेर. वेगवान उपकरण वेळ वाचवते. माहिती वाचवते ती दुसरी प्रत.

स्वाध्याय

१. मिनिटाला ५४०० फेरे घेणाऱ्या डिस्कला अर्ध्या फेऱ्यास किती वेळ लागेल ?

२. ‘१ टेराबाइट’ लिहिलेली साठवण संगणक सुमारे ९३१ गिगाबाइट दाखवतो. दुकानदाराने फसवले काय ? १०¹² ला २³⁰ ने भागून पाहा.

३. पेशीत ५ बिट साठवायचे असतील तर किती पातळ्या लागतील ? अशी स्मृती उष्ण प्रदेशात कशी वागेल, याचा विचार करा.