यंत्राचा निकाल, माणसाची जबाबदारी

कृत्रिम बुद्धिमत्तेवर कोणते नियम असावेत, हा सरकारांचा आणि बड्या कंपन्यांचा प्रश्न आहे, आपल्या दुकानदार-कारागिरांचा त्याच्याशी काय संबंध, असे पुष्कळांना वाटते. आमचे मत वेगळे आहे. कर्ज कोणाला द्यावे, नोकरीसाठी कोणाला बोलवावे, कोणाच्या अर्जाची चौकशी करावी, हे ठरवण्यात आज जगभर यंत्राचा हात आहे. जिथे ठरवणे आले, तिथे इन्साफाचा प्रश्न आलाच. म्हणून हा विषय एका घडलेल्या प्रकरणावरून समजून घेऊ.

आधी यंत्राचे काम पाहू. त्याला हजारो जुन्या नोंदी दाखवतात. त्यांतून ते खुणा शोधते आणि नव्या नोंदीबद्दल अंदाज सांगते. आपल्या धंद्यातले उदाहरण घ्या. कापडातील खोट ओळखणारे यंत्र फक्त मिलच्या कापडावर शिकवले, तर हातमागाच्या सुतातील साहजिक जाडी-बारीकी त्याला दोष वाटेल. विणकराचे काम चोख असूनही तागा बाद होईल. येथे यंत्राने लबाडी केलेली नाही. शिकवणाऱ्याने नमुना अपुरा दिला आणि तपासणाऱ्याने त्याच्यावर डोळे मिटून भरवसा ठेवला.

नेदरलँड्समध्ये काय घडले

नेदरलँड्समध्ये नोकरी-धंदा करणाऱ्या आईबापांना मुलांच्या पाळणाघराच्या खर्चासाठी सरकारी मदत मिळते. त्या काळी ती कर खात्यामार्फत आगाऊ दिली जाई आणि मागाहून हिशेब होई. खोटे अर्ज पकडण्यासाठी या खात्याने २०१३ पासून एक यंत्रप्रणाली वापरली. ती प्रत्येक अर्जाला धोक्याचे गुण देई. गुण जास्त आले की अर्ज अधिकाऱ्याकडे तपासणीला जाई. गुण देताना ज्या गोष्टी मोजल्या जात, त्यांत अर्जदार डच नागरिक आहे की नाही, हीही एक होती. गुण जास्त का आले, हे मात्र तपासणाऱ्या अधिकाऱ्यालाही कळत नसे.

त्यात खात्याचा दंडकही कडक होता. कागदात लहानशी चूक निघाली किंवा पालकाने आपल्या हिश्शाची थोडी रक्कम भरली नसेल, तरी मिळालेली सगळी मदत परत मागितली जाई. हजारो कुटुंबांवर मोठे कर्ज चढले. काहींची घरे गेली, संसार मोडले. परदेशी मूळ असलेल्या कुटुंबांना याची झळ अधिक बसली. सरकारी कारभाराचे खटले ऐकणाऱ्या तेथील वरिष्ठ न्यायपीठानेही २०१९ पर्यंत तो कडक अर्थ उचलून धरला होता.

डिसेंबर २०२० मध्ये संसदेच्या समितीने या कुटुंबांवर अभूतपूर्व अन्याय झाल्याचे म्हटले. १५ जानेवारी २०२१ रोजी पंतप्रधान मार्क रुटे यांच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. नागरिकत्वाची माहिती बेकायदा आणि भेदभाव होईल अशा रीतीने वापरल्याबद्दल तेथील माहिती-संरक्षण प्राधिकरणाने डिसेंबर २०२१ मध्ये कर खात्याला २७ लाख ५० हजार युरो दंड केला. पीडित पालकांना किमान ३० हजार युरो भरपाई देण्याचे ठरले.

यातून तीन धडे

पहिला: यंत्राला काय मोजायला दिले, ते तपासलेच पाहिजे. माणसाच्या जन्माची किंवा मुळाची खूण मोजमापात घेतली, की जुना संशय नव्या गणिताच्या वेषात परत येतो.

दुसरा: ज्याच्याविरुद्ध निकाल लागतो, त्याला कारण कळले पाहिजे. कारणच ठाऊक नसेल तर तो उत्तर काय देणार?

तिसरा: जबाबदार माणूस ठरलेला हवा. मुनिमाने वहीत चुकीची रक्कम मांडली, तर गिऱ्हाईक शेठलाच विचारते. वहीने चूक केली, असे सांगून शेठ सुटत नाही. यंत्राच्या बाबतीतही हाच न्याय लागू व्हावा.

जगातील नियम

नोव्हेंबर २०२१ मध्ये युनेस्कोच्या १९३ सदस्य देशांनी या विषयावरील नीतितत्त्वे मान्य केली. मात्र ती शिफारस आहे, तिला दंडाचे बळ नाही. युरोपीय संघाचा कायदा १ ऑगस्ट २०२४ रोजी अमलात आला. त्याची कलमे टप्प्याटप्प्याने लागू होतात. लोकांच्या वागणुकीवरून सामाजिक गुण देऊन त्यांना गैरवाजवी वागणूक देणे यासारख्या वापरांवर २ फेब्रुवारी २०२५ पासून बंदी आहे. नोकरभरती, व्यक्तीची कर्जपात्रता आणि सरकारी मदत यांसाठीची यंत्रे जास्त जोखमीची मानली असून, त्यांच्यावर माणसाची देखरेख आणि नोंदी ठेवणे ही बंधने आहेत. बंदी मोडल्यास ३ कोटी ५० लाख युरो किंवा जगभरच्या उलाढालीच्या ७ टक्के, यांपैकी जी रक्कम मोठी असेल तेवढ्यापर्यंत दंड होऊ शकतो. भारत सरकारने नोव्हेंबर २०२५ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. त्यात नवा स्वतंत्र कायदा न करता असलेल्या कायद्यांवर भर दिला आहे.

आपण काय करावे

आपल्याकडे याची सर्वांत जवळची जागा म्हणजे कर्ज. बँकेचा होकार-नकार बऱ्याच अंशी पतगुणांवर अवलंबून असतो आणि ते गुण नोंदींवरून यंत्र काढते. सिबिल, इक्विफॅक्स, एक्स्पेरियन आणि क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्यांकडून प्रत्येकाला वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल मोफत मिळतो. तो मागवून आपल्या वहीशी ताडून पाहावा. फेडलेले कर्ज बाकी दिसत असेल तर लेखी तक्रार करावी. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ३० दिवसांत निवारण न झाल्यास पुढे दर दिवसाला १०० रुपये भरपाई मिळण्याची तरतूद आहे. कर्ज नाकारले तर कारण लेखी मागावे.

आपल्या दुकानातही हाच नियम पाळावा. उधारी कोणाला द्यावी किंवा कारागिराचा कोणता माल परत करावा, हे सांगणारे एखादे साधन उद्या आपण घेतले, तर अंतिम निर्णय स्वतः पाहून द्यावा आणि समोरच्याला त्याचे कारण सांगावे. जे आपण बँकेकडे मागतो, ते आपल्या कारागिराला नाकारण्याचा आपल्याला हक्क नाही.