पिशवीतील गोट्या आणि मनातील हिशेब

चाचणीत एकदा गुण कमी पडले की काही मुले अभ्यासाची पद्धतच बदलून टाकतात. काही मुले मात्र तीनदा कमी गुण मिळाले तरी जुनीच पद्धत धरून बसतात. पहिल्याला आपण उतावळा म्हणतो, दुसऱ्याला हट्टी. पण हा केवळ स्वभावाचा प्रश्न आहे, की यामागे काही गणितही आहे? चला, एक प्रयोग करून पाहू.

प्रयोग : एका कापडी पिशवीत सारख्या आकाराच्या १० गोट्या घ्या, ७ लाल व ३ पांढऱ्या. पिशवीत काय आहे हे खेळणाऱ्याला सांगू नका. त्याने आधी रंग ओळखायचा. मग तुम्ही न पाहता एक गोटी काढून दाखवायची. अंदाज बरोबर आला तर एक शेंगदाणा बक्षीस! गोटी परत टाकून पिशवी चांगली हलवा. असे ५० डाव खेळा. ओळखलेला रंग आणि निघालेला रंग, दोन्हींची वहीत नोंद ठेवा.

खेळणाऱ्यांच्या साधारण तीन रीती दिसतील. लाल गोट्या जास्त आहेत हे कळल्यावर ‘अ’ दर वेळी ‘लाल’च म्हणतो. ‘ब’ दहांपैकी सातदा ‘लाल’ व तीनदा ‘पांढरी’ म्हणतो. ‘क’ मागच्या डावात जो रंग निघाला तोच पुन्हा सांगतो.

‘अ’ला ५० डावांत सरासरीने ३५ दाणे मिळतील. ‘ब’चे काय? त्याने ‘लाल’ म्हणावे आणि लालच निघावी, याची संभाव्यता ०.७ × ०.७ = ०.४९. पांढरीची ०.३ × ०.३ = ०.०९. बेरीज ०.५८, म्हणजे दाणे फक्त २९. आता ‘क’. पिशवीला काही आठवण नसते. मागचा रंग सातदा लाल, तीनदा पांढरा. म्हणून त्याचेही उत्तर ०.५८, आणि दाणे २९च!

मग ‘ब’ आणि ‘क’ वेगळे कसे ओळखायचे? वही उघडा आणि पांढरी गोटी निघाल्यानंतरचे डाव तेवढे पाहा. तेथे ‘क’ दर वेळी ‘पांढरी’ म्हणालेला दिसेल, ‘ब’ मात्र दहांतून सुमारे तीनदाच. गुण सारखे म्हणून रीतही सारखी, असे नव्हे.

लॉइड हम्फ्रीज यांनी १९३९ मध्ये दिव्यांच्या साह्याने अशाच प्रकारचा प्रयोग प्रसिद्ध केला. पुढील अनेक प्रयोगांत पुष्कळ माणसे ‘ब’सारखी वागताना आढळली. डाव वाढवले आणि बक्षीस ठेवले की काहीजण ‘अ’च्या रीतीकडे सरकतात.

अनुभवातून शिकण्याचा एक सोपा नियम रेस्कोर्ला व वॅग्नर यांच्या १९७२ च्या सिद्धांतात आहे. आपल्या खेळापुरता तो असा मांडता येईल :

नवी अपेक्षा = जुनी अपेक्षा + क्ष × (प्रत्यक्ष फळ − जुनी अपेक्षा)

समजा, लाल रंगाविषयी अपेक्षा ०.५ आहे आणि क्ष ०.२ आहे. लाल निघाली (फळ १) तर नवी अपेक्षा ०.६ होते. पुढे पांढरी निघाली (फळ ०) तर ती ०.४८ वर येते. आता क्ष = १ घेऊन पाहा. जुने सारे पुसले जाते, फक्त शेवटचा अनुभव उरतो. हाच आपला ‘क’! क्ष लहान असेल तर मन जुन्या अनुभवांचा साठा जपते. वुल्फ्रॅम शुल्ट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये दाखवून दिले की, माकडांच्या मेंदूतील डोपामीन वापरणाऱ्या चेतापेशी कंसातील या फरकाप्रमाणेच वागतात. अनपेक्षित बक्षीस मिळाले की त्यांचे संदेश वाढतात. अपेक्षित बक्षीस चुकले की कमी होतात.

तर मग ‘अ’ शहाणा आणि ‘क’ वेडा म्हणायचे का? थांबा. २५ डावांनंतर गुपचूप पिशवी बदला : ३ लाल, ७ पांढऱ्या. ‘लाल’ला चिकटून राहिलेल्या ‘अ’ला पूर्वार्धात १७.५ आणि उत्तरार्धात ७.५, एकूण सरासरी २५ दाणे. ‘क’ला मात्र पूर्वीइतकेच, २९! परिस्थिती स्थिर असेल तर क्ष लहान बरा. ती वरचेवर बदलत असेल तर मोठा.

चाचणीच्या गुणांतही थोडा योगायोग असतो. म्हणून एका चाचणीवरून पद्धत बदलणे घाईचे. पण इयत्ता बदलली, विषय अवघड झाला, म्हणजे पिशवीच बदलली, तर जुन्या पद्धतीला कवटाळणेही चूकच. मित्राला उतावळा किंवा हट्टी म्हणण्यापूर्वी त्याच्यापुढे कोणती पिशवी आहे, हे पाहायला हवे.

शिक्षकांसाठी सूचना : ५० डावांत योगायोगाने तीन-चार दाण्यांचा फरक सहज पडतो. म्हणून एकाच रीतीने खेळणाऱ्या अनेक मुलांची सरासरी काढावी.

सोडवून पाहा : पिशवीत ६ लाल व ४ पांढऱ्या गोट्या असतील, तर ५० डावांत ‘अ’ व ‘ब’ यांना सरासरी किती दाणे मिळतील? (उत्तर : ३० व २६)