सुपर ८ कॅमेरा घेताना

ईशा : काका, मला जुना सुपर ८ कॅमेरा घ्यायचाय. कुठल्या कंपनीचा चांगला?

काका : कंपनी नंतर. आधी फिल्मचं बघ. कोडॅकने १९३२ मध्ये डबल ८ आणलं. त्याचं २५ फुटी रीळ एका कडेने चित्रित करायचं, अंधाऱ्या जागी उलटं घालून दुसऱ्या कडेने, आणि धुतल्यावर ते मधोमध कापून जोडलं जायचं. १९६५ च्या सुपर ८ ने ही कटकट संपवली. ५० फूट फिल्मचं बंद कार्ट्रिज खोबणीत बसवलं की काम सुरू. कडेची छिद्रं बारीक केल्यामुळे चित्रही जवळपास दीडपट मोठं झालं.

ईशा : एक कार्ट्रिज किती वेळ पुरतं?

काका : सेकंदाला १८ फ्रेम धरल्या तर ३ मिनिटं २० सेकंद, २४ धरल्या तर अडीच मिनिटं. म्हणून बटण दाबण्याआधी शॉट मनात पक्का हवा.

ईशा : आणि कॅमेरा पारखायचा कसा?

काका : आधी सेलचा कप्पा उघड. पट्ट्यांवर हिरवट-पांढरी पूड असेल तर सेल गळलेत. वायरपर्यंत गंज गेला असेल तर तो कॅमेरा सोडून दे. मग नवे सेल घालून, कार्ट्रिज न घालता चालव. आवाज एकसारखा यायला हवा. दार उघडून गेटजवळ, म्हणजे लेन्समागे फिल्म जिथून सरकते तिथे बघ, फिल्म ओढणारा बारीक दात खाली-वर होतोय ना? कॅमेरा खिडकीकडून अंधाऱ्या कोपऱ्याकडे फिरव, प्रकाश मोजणाऱ्या मीटरचा काटा हलला पाहिजे. शेवटी लेन्समध्ये तिरकी बॅटरी मार. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी.

ईशा : मीटरला वेगळे सेल लागतात असं ऐकलंय.

काका : बऱ्याच मॉडेलांना १.३५ व्होल्टचे पाऱ्याचे सेल लागायचे. पारा विषारी म्हणून ते बंद झाले. त्याच आकाराचा दीड व्होल्टचा अल्कलाइन सेल घातला तर मीटर चुकीचं दाखवतं. श्रवणयंत्राचे झिंक-एअर सेल १.४ व्होल्टचे असतात, ते चालतात. फक्त कप्प्यात नीट टेकतील असे बसवायचे. ही भानगडच नको असेल तर कॅनन ५१४ एक्सएल बघ. मोटर आणि मीटर दोन्ही दोन पेन्सिल सेलवर चालतात. बोल्यू कॅमेऱ्याची लेन्स देखणी, पण त्या कॅमेऱ्याची खास चार्जिंगची बॅटरी नव्याने भरून घ्यावी लागते. पहिल्या कॅमेऱ्याला ते नको.

ईशा : आणि चावीचा बोलेक्स?

काका : एच १६ म्हणतेस ना? १९३५ पासूनचं स्विस यंत्र, १६ मिलिमीटरचं. स्प्रिंगवर चालतं, त्यामुळे सेलची चिंता नाही. ठेवून देताना मात्र चावी पूर्ण उतरव, ताणलेली स्प्रिंग महिनोन्‌महिने तशीच राहू देऊ नकोस.

ईशा : आपल्याकडच्या पावसाळ्यात काय करायचं?

काका : चामड्याच्या केसमध्ये ठेवू नकोस, चामडं ओल धरतं. हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून ठेव आणि जेल वेळोवेळी वाळव. प्रत्येक कार्ट्रिजनंतर गेट मऊ ब्रशने झाड. चिकटलेला कण लाकडी काडीने काढ, धातूने कधीच नाही. तिथे राहिलेला एक केस पुढच्या प्रत्येक फ्रेमच्या कडेला दिसतो. घरातलं तेल आत सोडू नकोस, ते पसरतं आणि घट्ट होऊन शटर अडवतं.

ईशा : म्हणजे नावापेक्षा तब्येत महत्त्वाची.

काका : अगदी. चालता साधा कॅमेरा बंद पडलेल्या नामांकित कॅमेऱ्यापेक्षा केव्हाही सरस. महिन्यातून एकदा तो चालव. आणि घरात कुणाचा जुना कॅमेरा कपाटात पडून असेल, तर आजच त्यातले सेल काढून ठेव.