पिन हवेतच सोडा

‘इनपुट पिन हवेत सोडायची नाही’ हे डिप्लोमाला असताना सरांनी इतकं घोटून घेतलं, की वीस वर्षांनी तेच अंगाशी आलं.

पंपाच्या कंट्रोलरचा नवा बोर्ड होता. त्यावर मॅक्स ८२३. ही चिप व्होल्टेजवर नजर ठेवते, शिवाय प्रोसेसर जागा आहे ना तेही बघते. तिच्या डब्ल्यूडीआय, म्हणजे वॉचडॉग इनपुट, पिनवर साधारण १.६ सेकंदांत काही हालचाल झाली नाही, की रीसेट. ही हालचाल करत राहण्याला आम्ही ‘कुत्र्याला भाकरी टाकणं’ म्हणतो. प्रोग्राम अर्धवट होता, भाकरी टाकणारं कोणी नव्हतं. म्हणून मी पिन सरळ ग्राउंडला बांधली. वॉचडॉग बंद झाला, असं मी धरून चाललो.

रीसेटचा लाल एलईडी दर दोन सेकंदांच्या आत मिचकू लागला. प्रोग्रामर मध्येच सोडून द्यायचा. सप्लाय बदलला, क्रिस्टल बदलला. दोन दिवस गेले. मग डेटाशीट उघडलं. (आधी उघडायचं असतं, हे ज्युनियर पोरानं सांगितलं.) पिन मोकळी असेल, तर चिप तिला आतूनच खालीवर करते आणि १.४ सेकंदांनी टायमर पुसते. ग्राउंडला किंवा व्हीसीसीला बांधली, की ती आतली ढकल दबते.

पिन सोडवली, तरी रीसेट थांबेना. तिथे मीच ‘असू दे’ म्हणून १० केचा पुल-डाउन टाकला होता! गळती १० मायक्रोॲम्पिअरपर्यंतच चालते; ५ व्होल्टला १० के म्हणजे ५००. तो काढल्यावर एलईडी शांत झाला.

तेव्हा पुल-अप, पुल-डाउन दोन्ही नकोत. प्रोसेसरच्या आतला पुल-अपही बंद करा. प्रोसेसरची पिन आणि ही चिप यांच्या मध्ये, चिपला अगदी लागून, शून्य ओहमचा रेझिस्टर ठेवा. डीबग करताना तो काढा. लांब वायर जोडू नका, २०० पिकोफॅरडच्या वर कपॅसिटन्स चालत नाही. दुसरी चिप असेल, तर नियमही दुसरा. काहींना बंद करायला वेगळी पिन असते, काहींचा वॉचडॉग बंद होतच नाही.

तो रेझिस्टर परत लावायला मी एकदा विसरलो. पंप शेतात होता, प्रोग्राम अडकला आणि रात्रभर कोणी उठवलं नाही. आता झाकणाचे स्क्रू आवळण्याआधी मी प्रोग्राम मुद्दाम रिकाम्या लूपमध्ये अडकवतो आणि एलईडी मिचकेपर्यंत तिथेच उभा राहतो.