कंबरदुखीवर सुयांचा उपचार : कोणी घ्यावा, कोणी घेऊ नये?

रोवणी आटोपत आली की माझ्या दवाखान्यात कंबर धरून येणाऱ्यांची रांग लागते. घोटाभर चिखलात उभे राहून, सकाळपासून सायंकाळपर्यंत कंबरेतून वाकून पऱ्हे लावायचे म्हणजे पाठीच्या स्नायूंची परीक्षाच. उन्हाळ्यात मोहफुले वेचणारे व तेंदूपाने तोडणारे येतात. राईस मिलमधील हमाल आणि मांडी घालून विड्या वळणाऱ्या बाया तर बाराही महिने येतात. यांपैकी बरेच जण एक प्रश्न हमखास विचारतात, "डाक्टर साहेब, सुया टोचून कंबर बरी होते म्हन्तेत, खरं हाये का जी?"

या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात देता येत नाही, म्हणून आजचा हा लेख.

ॲक्युपंक्चर म्हणजे काय?

शरीरावरील ठराविक बिंदूंवर अतिशय बारीक सुया टोचून उपचार करण्याची ही चीनमधील प्राचीन पद्धती होय. या सुयांमधून कोणतेही औषध शरीरात जात नाही. इंजेक्शनची सुई पोकळ असते. ही सुई भरीव असून केसापेक्षा थोडीच जाड असते. त्यामुळे टोचताना मुंगी चावल्याइतपतच जाणवते. नंतर त्या जागी जडपणा किंवा झिणझिण्या येतात. साधारण २० ते ३० मिनिटे सुया तशाच ठेवून मग काढतात.

कंबरदुखीसाठी कंबरेच्या मणक्यांच्या दोन्ही बाजूंचे बिंदू वापरतात. गुडघ्याच्या मागच्या खळगीतील व घोट्याजवळील बिंदूही वापरतात. "दुखते कंबर आणि सुई पायाला का?" असे रुग्ण विचारतात. चिनी शास्त्रानुसार पाठीवरून पायापर्यंत जाणाऱ्या एकाच वाहिनीवर हे बिंदू आहेत. अशी वाहिनी शरीराची चिरफाड करून दाखविता आलेली नाही. मात्र सुई टोचल्यावर मज्जातंतू चेतविले जातात आणि मेंदू व मज्जारज्जूत एंडॉर्फिनसारखी वेदनाशामक द्रव्ये स्रवतात, असे आधुनिक संशोधन सांगते.

ही विद्या आपल्याकडे कशी आली?

डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांनी ॲक्युपंक्चर भारतात आणले, असा अनेकांचा समज आहे. तो बरोबर नाही. सोलापूरचे डॉ. कोटणीस १९३८ साली भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले. त्याच पथकात आपल्या नागपूरचे डॉ. चोळकरही होते. डॉ. कोटणीस शल्यचिकित्सक होते; जखमी सैनिकांची सेवा करताना ९ डिसेंबर १९४२ रोजी चीनमध्येच त्यांचे निधन झाले. पथकातील दुसरे सदस्य डॉ. बिजय कुमार बसू १९५० च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनला गेले, ही विद्या शिकले आणि कलकत्त्यात त्यांनी तिचा प्रसार केला. केंद्र सरकारने २०१९ साली ॲक्युपंक्चरला उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली. महाराष्ट्रात त्यासाठी २०१५ चा स्वतंत्र अधिनियम आहे.

संशोधन काय सांगते?

जर्मनीत ११६२ रुग्णांवर झालेला एक मोठा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. सर्वांना दीर्घकाळची कंबरदुखी होती. त्यांचे तीन गट केले. पहिल्या गटाला शास्त्रोक्त ॲक्युपंक्चर दिले. दुसऱ्या गटाला बिंदू सोडून भलत्याच जागी वरवर सुया टोचल्या. तिसऱ्या गटाला औषधे, व्यायाम असे नेहमीचे उपचार दिले. सहा महिन्यांनी पहिल्या गटात सुमारे ४८ टक्के, दुसऱ्यात ४४ टक्के व तिसऱ्यात २७ टक्के रुग्णांना चांगला फरक पडला होता.

या आकड्यांचे दोन अर्थ आहेत. नेहमीच्या उपचारांपेक्षा सुयांचा उपयोग अधिक झाला, हा पहिला. पण खऱ्या व खोट्या सुयांत फारसे अंतर पडले नाही, हा दुसरा. म्हणजे बिंदूंच्या अचूकपणापेक्षा टोचण्याचा, विश्रांतीचा व विश्वासाचा वाटा मोठा असावा. म्हणूनच तज्ज्ञांत एकमत नाही. अमेरिकेतील वैद्यांच्या संघटनेने २०१७ साली या उपचाराची शिफारस केली. इंग्लंडच्या मार्गदर्शक सूचनांनी २०१६ साली तो कंबरदुखीसाठी देऊ नये असे म्हटले. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये दीर्घकालीन कंबरदुखीसाठी ज्या उपायांना अनुकूलता दर्शविली, त्यांत व्यायामाबरोबर सुयांचाही समावेश आहे. मात्र ही शिफारस सशर्त आहे.

दोन रुग्ण, दोन धडे

माझ्याकडे येणारा एक हमाल चार वर्षे कंबरदुखीने त्रस्त होता. रोज वेदनाशामक गोळी घेऊन त्याच्या पोटात आग पडू लागली होती. तपासणीत गंभीर काही नव्हते. मी त्याला एका प्रशिक्षित ॲक्युपंक्चर चिकित्सकाकडे पाठविले. आठ बैठकांनंतर दुखणे निम्म्यावर आले, गोळी सुटली आणि व्यायाम करण्याइतका आराम मिळाला. कंबर "नवी" झाली नाही, पण माणूस कामाला लागला.

दुसरी रुग्ण चाळिशीतील शेतमजूर बाई. कंबर दुखते म्हणून ती माझ्याकडे आली. रोवणीचे दिवस होते, मी श्रमाचे दुखणे समजून गोळ्या दिल्या. पुढे तिने कुणाच्या सांगण्यावरून सुया घेतल्या. सुयांनी थोडा आराम पडे, म्हणून ती अडीच महिने घेत राहिली. पुन्हा आली तेव्हा अंगावरचे मांस उतरले होते, सायंकाळी ताप येत होता व पाय लटपटत होते. तिला मणक्याचा क्षयरोग होता. वर्षाहून अधिक काळ औषधे घेऊन ती चालू लागली, पण पाठीला बाक राहिला. सुया देणाऱ्याला दोष देण्याचा मला अधिकार नाही. पहिल्याच भेटीत "ताप येतो का? वजन घटले का?" हे दोन प्रश्न मीच विचारायला हवे होते. तेव्हापासून कंबरदुखीच्या प्रत्येक रुग्णाला मी ते विचारतो.

सुया वेदना कमी करतात, रोग दाखवत नाहीत. म्हणून निदान आधी, सुई नंतर.

पुढील लक्षणे असल्यास सुयांकडे न जाता आधी डॉक्टरांकडे जावे :

१) ताप, रात्री घाम, वजन घटणे, किंवा पडून राहिल्यावरही न थांबणारे दुखणे.
२) पायात वाढती अशक्तता किंवा बधिरपणा.
३) लघवी-शौचावरील ताबा सुटणे, मांड्यांच्या मधल्या भागाची संवेदना जाणे. अशा वेळी एक दिवसही थांबू नये, त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठावे.
४) झाडावरून किंवा वाहनावरून पडल्यानंतरचे दुखणे.
५) सिकलसेलचा रुग्ण असणे. आपल्या जिल्ह्यात हा आजार बराच आढळतो व त्याच्या तीव्र झटक्यात कंबर, हाडे असह्य दुखतात.
६) पूर्वी कर्करोग झालेला असणे, किंवा पन्नाशीनंतर प्रथमच कंबर दुखू लागणे.

रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी व गरोदर स्त्रियांनी चिकित्सकास तसे आधीच सांगावे.

उपचार घेताना

चिकित्सकाची नोंदणी आहे का, हे विचारण्यात संकोच नको. सुई नवीन, निर्जंतुक व तुमच्यासमोर पाकीट फोडून काढलेली असावी. एकाची सुई दुसऱ्याला वापरल्यास कावीळ-ब सारखे रोग पसरतात. साधारणतः आठवड्यातून एक-दोन अशा सहा ते दहा बैठका लागतात. तेवढ्यात काहीच फरक न पडल्यास पैसे घालवू नयेत. "मणक्याची सरकलेली गादी सुईने जागेवर बसवितो" असे कोणी सांगितल्यास तेथून उठावे.

आणि घरी?

नुकतीच सुरू झालेली साधी कंबरदुखी बहुधा काही आठवड्यांत आपोआप कमी होते. त्यासाठी अंथरूण धरू नये, झेपेल तेवढे हिंडते-फिरते राहावे. रोवणी करताना अर्ध्या-पाऊण तासाने सरळ उभे राहून, दोन्ही हात कंबरेवर ठेवून पाच वेळा हळूच मागे वाकावे. पोते उचलताना गुडघे वाकवून, ओझे छातीजवळ घेऊन उठावे. सुयांनी आराम पडला तरी ही पथ्ये सोडू नयेत.

तेव्हा बांधीत विचारला जाणारा तो प्रश्न आता मी असा सोडवितो : सुयांनी दुखणे कमी होऊ शकते जी, पण ते दुखणे कशाचे आहे, हे आधी पाहू या.